ॲक्सला बोलावणं

२ नोव्हेंबर, रविवार

बँडमध्ये शिस्त आणायची. हे काम माझ्याशिवाय कोणाकडून होणार नाही, कारण बाकी चौघांना वाजवण्यातून फुरसत नाही.

डायरी नवीन आहे म्हणून नोंद करून ठेवतो. आमचा पाच जणांचा जॅझ ग्रुप. मी गणपतराव पांढरीपांडे, निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, सॅक्सोफोन. धम्मानंद गजभिये रेल्वेत आहे, ट्रम्पेट वाजवतो. डॉ. शामला, धंतोलीत दातांचा दवाखाना, क्लॅरिनेट. विक्की, वाडीला ट्रान्सपोर्टचं गोडाऊन, ट्रॉम्बोन. गोलू जिममध्ये लोकांना वजनं उचलायला लावतो आणि रविवारी ड्रम बडवतो. लीडर कोण हे ठरलेलं नाही, म्हणजे मीच.

काल इंटरनेटवर मोठा शोध लागला. अमेरिकेतले जुने जॅझवाले वाद्याला शाळेतल्या नावाने हाक मारत नसत. त्यांची आपली घरगुती नावं होती. फुंकायचं काहीही असो, तो हॉर्न. ट्रम्पेट म्हणजे प्लंबिंग. ट्रॉम्बोन म्हणजे स्लश पंप, चिखल उपसायचा पंप. क्लॅरिनेटला ज्येष्ठमधाची कांडी म्हणत, नाहीतर ॲगनी पाइप, म्हणजे यातनेची नळी. दातांच्या डॉक्टरला दुसरं जास्त शोभेल. आणि सॅक्सोफोन म्हणजे ॲक्स. कुऱ्हाड. वाचून अंगावर काटा आला. तीन वर्षं मी कुऱ्हाड चालवतो आहे आणि या चौघांपैकी एकानेही मला सांगितलं नाही.

सॅक्सोफोनला गॉबल पाइप असंही एक नाव दिलं आहे. टर्की कोंबडा घशातून काढतो तो आवाज. ते मी उतरवून घेतलं नाही.

१३ डिसेंबरला सिव्हिल लाइन्समधल्या क्लबच्या हिरवळीवर कार्यक्रम आहे. धम्मानंदने स्वतः चाल बांधली आहे, नाव 'अमरावती रोड'. त्यात मधोमध सोळा बार (आपली आवर्तनं) माझ्या एकट्याचे. म्हणजे साधारण अर्धा मिनिट सगळे गप्प, फक्त मी. निवृत्त अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं. माझ्या निरोप समारंभात जे जे सारखे घड्याळ बघत होते, ते सगळे आले पाहिजेत.

संकल्प: रोज पहाटे रियाज. पुढच्या रविवारपासून बँडमध्ये फक्त जॅझची नावं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटेचा रियाज. खिडकी बंद, वर रजई टांगलेली. तरीही त्रास.

आमची बिल्डिंग धंतोलीत, दोन्ही बाजूंना हॉस्पिटलं. खाली पार्किंगमध्ये पेशंटचे नातेवाईक झोपलेले असतात. आज त्यातली एक बाई वर आली, वणीकडची. पदर सावरून देवकीला म्हणाली, "कोण गेलं वं बाई?" देवकीने सांगितलं, कोणी नाही, आमचे हे वाजवून राहिले. बाई जरा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "मंग दवाखान्यात काहून नेत नाही? खालीच तं हाय."

देवकी अर्धा तास हसत होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्या कशावर ती इतकी हसलेली नाही. उद्यापासून संध्याकाळी रियाज.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी पाहुणे. रियाज नाही. रियाजाचा अतिरेक झाला की सहजता जाते, असं कुठेतरी वाचलं आहे. कुठे ते आठवत नाही, पण पटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

वाडी. विक्कीच्या गोडाऊनमध्ये साबणाच्या खोक्यांत रिहर्सल. बाहेर ट्रक मागे घेताना पीं पीं पीं, आत आम्ही.

नियम सांगितला. वाजवण्याआधी उभं राहून, मुद्देसूद. शाळा तपासणीला गेलो की मी असाच बोलत असे आणि शिक्षक वहीत उतरवून घेत. इथे गोलू केळं खात होता.

विक्की म्हणाला, "काका, हमाल लोकं आयकतीन तं घाबरतीन. कुऱ्हाड काढा, पंप काढा, नळी काढा. पोलीस येऊन जाईन." शामला म्हणाली, यातनेची नळी म्हणाल तर मी घरी जाते, दिवसभर लोकांच्या यातनाच ऐकते. तिला विनोद कळत नाही. डॉक्टर लोकांचं असंच असतं.

धम्मानंदने ट्रम्पेट मांडीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, असं नाव चारचौघं देतात. आपण मागून नाही भेटत." मी म्हटलं, मी मागत नाहीये, लागू करतो आहे. त्याने मान हलवली. धम्मानंदचा स्वभाव चांगला आहे, त्यामुळे त्याच्याशी भांडण रंगत नाही. याचा मला फार राग येतो.

रिहर्सलभर मी एकटाच बरोबर नावं घेत होतो. "प्लंबिंग, जरा हळू." "पंप, तुम्ही उशिरा येताय." पंप म्हणाला, उशिरा कोण येऊन राहिलं ते रेकॉर्डिंगमध्ये ऐका. रेकॉर्डिंग ऐकलं नाही. फोनचा माइक खराब आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

अपमान.

या लोकांनी माझ्या पाठीमागे स्वतःची नावं पाडली आहेत. मी गोडाऊनमध्ये शिरलो तर विक्की शामलाला विचारत होता, "मॅडम, तुमची फुंकणी गरम झाली का?" फुंकणी म्हणजे क्लॅरिनेट. चुलीत फुंकायची असते ती. आणि या बाईला यातनेची नळी चालत नव्हती, फुंकणी चालते. हसत होती. ट्रॉम्बोनचं नाव हापशी, कारण दांडा पुढे मागे ओढावा लागतो. ट्रम्पेट म्हणजे तोटी. धम्मानंद स्वतःच म्हणाला, "थांबा, तोटी गळून राहिली," आणि थुंकी झटकली.

मी विचारलं, माझ्या वाद्याला काय म्हणता. सगळे एकदम कामाला लागले. शामला रीड, म्हणजे तोंडाशी लावायची वेताची पट्टी, ओली करू लागली. विक्कीने दांड्याला तेल लावलं. शेवटी गोलू म्हणाला. त्याला फुंकायचं काही नसतं, म्हणून त्याला भीती नसते.

भोंगा.

मी ॲक्स उचलून तिच्याकडे निरखून पाहिलं. विक्कीला वाटलं मला आवडलं. समजावून सांगायला लागला, "चांगलं नाव हाय ना गा काका. पहिले गिरणीचा भोंगा वाजला का लोकं घरी जाय."

मग मी बोललो. बरंच बोललो. म्हटलं, ही नावं अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी ठरली आहेत, वाडीच्या गोडाऊनला त्यात बदल करायचा अधिकार नाही. धम्मानंद म्हणाला, "त्यांनीही आपल्या गल्लीतच पाडली असतील सर. त्यांच्या घरचा नळ, त्यांच्या घरचा पंप." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते घरी आल्यावर सुचलं आणि आता लिहायला बसलो तर आठवत नाही.

तेवढ्यात विक्कीने मोबाइलवर ती वेबसाइट काढली आणि गॉबल पाइप मोठ्याने वाचून दाखवलं. टर्कीचा व्हिडिओही लावला. गोलू केळ्यासकट खुर्चीवरून घसरला. मी स्पष्ट सांगितलं की ती वेबसाइट विश्वासार्ह नाही. ॲक्सचा शोध मला तिथेच लागला होता, पण तेवढा भाग विश्वासार्ह आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

निर्णय. यापुढे मला किंवा माझ्या वाद्याला कोणी हाक मारली तर ॲक्स म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. असहकार.

देवकीवर प्रयोग केला. तिने तीनदा जेवायला बोलावलं, मी गप्प. चौथ्यांदा बोलावलं नाही. रात्री फ्रीजमधलं थंड वरण खाल्लं. तत्त्वासाठी माणसाने काय काय सोसलं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

विजय.

'अमरावती रोड' चालू होतं. माझे सोळा बार आले. धम्मानंदने नेहमीसारखं "सर" म्हणून हाताने खूण केली. मी ॲक्स खाली ठेवून छताकडे पाहत राहिलो. शामला थांबली, विक्की थांबला, गोलूची काठी हवेत राहिली. चाल कोसळली.

त्यांना कळलं असेल की मी नसलो तर पुढे जाता येत नाही. मग चहा आला. चहा घेताना कोणी माझ्याशी बोललं नाही. धाक बसला आहे.

विक्की फक्त एवढं म्हणाला, "काका, आमी रविवार सोडून इथं येतो. घरी लेकरं हाय." लेकरं मलाही आहेत. पुण्यात आहेत आणि फोन करत नाहीत, तो भाग वेगळा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुढची पायरी. रुसायचं.

रुसणं ही सोपी गोष्ट नाही, तिला शास्त्र आहे. माझ्या लग्नात आमचे भाऊकाका रुसले होते. पंगतीत दुसऱ्या रांगेत बसवलं म्हणून उठून कार्यालयाबाहेर पानठेल्यावर जाऊन उभे राहिले. पहिल्यांदा देवकीचा भाऊ बोलवायला गेला, काकांनी मान फिरवली. दुसऱ्यांदा माझे सासरे गेले, काका म्हणाले मला भूक नाही. तिसऱ्यांदा सासरे, मामेसासरे आणि भटजी असे तिघे हात जोडून गेले, तेव्हा काका आले, पहिल्या पाटावर बसले आणि जिलब्यांचा फडशा पाडला. पहिल्या बोलावण्याला बघायचं नाही, दुसऱ्याला नाही म्हणायचं, तिसऱ्याला मान राखायचा. आणि बोलावणं घरी येऊन झालं पाहिजे. फोनवरचं धरत नाहीत.

मी नोकरीत असताना हेडमास्तर फाटकापर्यंत यायचे. नारळ, गुलाबाचं फूल, "या साहेब". निवृत्त झाल्यापासून मला घ्यायला फाटकापर्यंत कोणी आलेलं नाही. हे बरं वाटत नाही. दुसरीकडे कुठे लिहिणार, म्हणून इथे लिहिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

रुसलो.

रिहर्सलच्या मध्यावर उठलो, ॲक्स पेटीत घातली आणि अट सांगितली. घरी या, तोंडाने बोलवा, "ॲक्स घेऊन या" असं म्हणा, मग येतो. एवढे तीनच शब्द. बाहेर पडलो. एकंदर परिणाम चांगला झाला असता, पण शटर अर्धं खाली होतं आणि ते मी पाहिलं नाही. डोक्याला टेंगूळ.

अमरावती रोडला ऑटो मिळेना. ट्रकांची धूळ. दहा मिनिटांत विक्की गाडी घेऊन मागे आला, काच खाली केली आणि म्हणाला, "बसा ना काका, काहून ऊन खाऊन राहिले?" हे पहिलं बोलावणं. नियमाप्रमाणे मान फिरवली. तो थोडा वेळ गाडी माझ्यासोबत हळूहळू चालवत राहिला, मागचे ट्रकवाले शिव्या द्यायला लागले तेव्हा गेला. खरं तर दुसऱ्यांदा लगेच विचारलं असतं तर बसलो असतो. पण या पिढीला आग्रह करता येत नाही.

शेवटी इतवारीला भांडी घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोत मागे बसलो. गंजांच्या आणि परातींच्या मधे. प्रत्येक खड्ड्याला जो आवाज होत होता, तो गोलूच्या ड्रमपेक्षा बरा होता.

३ डिसेंबर, बुधवार

दात दुखतो आहे. वरचा, माउथपीसवर टेकतो तोच.

धंतोलीत इतके दवाखाने की वरून दगड टाकला तर डॉक्टरलाच लागेल. तरी आज संध्याकाळी दातांचा दुसरा कोणी सापडला नाही. शामलाकडे जावं लागलं. पेशंट म्हणून गेलो, त्यामुळे रुसवा मोडला असं होत नाही.

तिने खुर्ची आडवी केली, तोंडात दोन हत्यारं घातली आणि मगच बोलायला सुरुवात केली. हा भ्याडपणा आहे. म्हणाली, "रविवारी या सर. कार्यक्रम तोंडावर आला. रुसून काय मिळतं या वयात?" मी ॲक्स शब्दाचा उच्चार सुरू केला. ती म्हणाली, हं, असाच आ ठेवा.

रात्री विचार केला. हे दुसरं बोलावणं धरायचं का? एक तर मी तिच्या दारी गेलो होतो, ती माझ्या नाही. शिवाय तोंडात चिमटा असताना माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणता आलं नाही तर ते बोलावणं कसलं. रद्द.

दात मात्र दुखायचा थांबला. याचं श्रेय गोळीला.

७ डिसेंबर, रविवार

वाडीला गेलो नाही. दिवसभर घरात. दुपारी गोलूच्या स्टेटसवर रिहर्सलचा फोटो. खोक्यांसमोर पाच खुर्च्या, चौघे बसलेले, एक रिकामी. खाली लिहिलं होतं, फुल जोश. फोटो मोठा करून प्रत्येकाचा चेहरा तपासला. दुःख लपवत आहेत.

संध्याकाळी धम्मानंदचा फोन. म्हणाला, "सर, शनिवारी साडेसहाला आपला नंबर. तुमची जागा तशीच ठेवली आहे. सॅक्सोफोन घेऊन या." एवढं सगळं नीट बोलला आणि नेमक्या शब्दाला आडवा गेला. मी विचारलं, काय घेऊन येऊ? म्हणाला, "सॅक्सोफोन." मी पुन्हा विचारलं. म्हणाला, "सर, तुमचं जे असेल ते घेऊन या. फक्त या." मी म्हटलं बघतो.

देवकी म्हणाली, जा. एवढा मोठा माणूस स्वतः फोन करतो आहे. मी म्हटलं, फोन धरत नाहीत. ती म्हणाली, मग मोबाइल कशाला घेतला?

पण दुसरं बोलावणं म्हणून मी हा फोन धरला आहे. सवलत दिली. मन मोठं असावं.

१० डिसेंबर, बुधवार

कोणी आलं नाही. त्याचं कारण उघड आहे. हिवाळी अधिवेशन चालू आहे, बर्डीपासून सगळीकडे बॅरिकेड, रोज मोर्चे. वाडीहून धंतोलीला येणं म्हणजे चेष्टा नाही. शामलाचा दवाखाना आमच्या मागच्याच गल्लीत आहे, पण बाईमाणूस एकटी कशी येणार. चौघे मिळूनच येतील.

निवृत्तांच्या ग्रुपवर आठवण टाकली. "शनिवारी अवश्य या. मधला सोलो माझा." अकरा अंगठे आले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

तयारी. देवकीकडून चिवडा करून घेतला. हॉलमध्ये चार खुर्च्या मांडल्या, माझी हाताची मोठी सागवानी खुर्ची समोर, जरा तिरकी, म्हणजे मी लगेच उठणार नाही हे दिसेल. तिसऱ्या बोलावण्याला काय बोलायचं ते आरशासमोर बसवलं. "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर." तीन प्रकारे म्हणून पाहिलं. मधला बरा.

रियाज करायचा होता. खुर्च्या मांडण्यात वेळ गेला.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपारी ४

सूट घातला. टाय. ॲक्स मांडीवर. रीड ओली राहावी म्हणून तोंडात. आता येतील.

५.१५

बेल वाजली. रीड गिळता गिळता राहिली. एक माणूस, हातात फाइल. सोनोग्राफी इथंच होते का? मी नाही म्हणालो. सूट बघून त्याला खरं वाटेना. "साहेब, यवतमाळहून आलो जी, पाहून घ्या ना." त्याला देवकीने खाली सोडून दिलं. या शहरात माझ्या दाराशी हात जोडून आलेला तो पहिला माणूस, आणि तोही पत्ता चुकून.

५.५०

देवकी शाल घेऊन तयार. म्हणाली, शेवटचं विचारते, येता का? मी नीट समजावून सांगितलं की बायकोचं बोलावणं धरत नाहीत, ती घरचीच. ती म्हणाली, "मग घरच्या माणसाचा पास वाया कशाला घालवू?" गेली. तिलाही आग्रह करता येत नाही.

६.३०

मोर्चा अडवला असणार.

७.१०

रीड पार मऊ झाली. चिवडा थोडा खाल्ला, पाहुण्यांसाठी कसा झाला आहे ते पाहायला.

कदाचित कार्यक्रम उशिरा सुरू झाला असेल. कदाचित क्लबवाल्यांनी माझ्याशिवाय सुरू करायला नकार दिला असेल. खाली जाऊन फाटकाशी उभा राहून आलो. कोणी नव्हतं. परत येताना लिफ्टमध्ये सूट घातलेला माणूस दिसला, तो मीच होतो.

८.४०

देवकी आली. चप्पल काढेपर्यंत मी काही विचारलं नाही. मग विचारलं.

म्हणाली, छान झालं. शेवटी अमरावती रोड वाजवलं. मी विचारलं, माझ्या जागी कोणाला आणलं? कोणालाच नाही, म्हणाली. स्टेजवर तुमची खुर्ची तशीच रिकामी होती. तुमची जागा आली तेव्हा धम्मानंदने खुर्चीकडे हात केला आणि तिघांनी वाद्यं खाली घेतली. गोलू नुसता ड्रमवर ब्रशने हळूहळू ताल धरून होता. बाकी काही नाही.

म्हणजे सोळाच्या सोळा बार मोकळे सोडले. मी उठून येरझाऱ्या घालायला लागलो. शेवटी कळलं त्यांना. माझी जागा कोणी भरू शकत नाही हे भर स्टेजवर कबूल केलं. मी विचारलं, लोकांना माझी उणीव जाणवली असेल. काय केलं लोकांनी?

देवकी म्हणाली, टाळ्या वाजवल्या.

कधी?

तेव्हाच. सगळ्या कार्यक्रमात तेवढ्याच जोरात पडल्या. तुमचे निवृत्तीवाले तर उभे राहिले.

मी जरा बसलो. मग मुद्दा लक्षात आला. ते सोळा बार माझ्या नावाचे होते, तेव्हा त्यात पडलेल्या टाळ्याही माझ्याच. देवकीला हे सांगितलं. तिने शालीची घडी घातली आणि म्हणाली, "हो. मीही वाजवल्या."

१४ डिसेंबर, रविवार

आले.

सकाळी अकराला बेल वाजली आणि दारात चौघेही. इस्त्रीचे कपडे. शामलाच्या हातात शाल, विक्कीच्या हातात नारळ, गोलूकडे संत्रा बर्फीचा डबा. धम्मानंदने वाकून नमस्कार केला. खुर्च्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. माझ्या खुर्चीत बसलो, तिरका. चिवडा आला. देवकी पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली, बहुतेक आनंदाने.

धम्मानंद म्हणाला, "सर, काल रायपूरचे एक आयोजक बसले होते. त्यांना अमरावती रोड फार आवडलं. जानेवारीत तिकडे मोठा कार्यक्रम आहे, आपल्याला बोलावलं. जसं काल झालं तसंच पाहिजे म्हणाले." मी विचारलं, कोणत्या गाडीने निघायचं?

शामला चिवड्यातले दाणे वेगळे करत बसली. धम्मानंदचे कान लाल झाले. म्हणाला, "सर, तुमची संमती असल्याशिवाय आम्ही करणार नाही. जागा तुमची आहे." मग विक्कीने एकदाचं सांगून टाकलं. "काका, तुमाले यायचं नाही. तेच तं आयटम हाय."

मी खिडकीकडे पाहिलं. हे पहिलं.

शामलाने पुन्हा विनंती केली. सर, तुमच्याशिवाय हे होणारच नाही, आणि तुम्ही असलात तरी होणार नाही. मी म्हटलं, मला बरं वाटत नाही. ते खरंही होतं. हे दुसरं.

मी विचारलं, त्या रिकाम्या खुर्चीवर मी नुसता बसलो तर? वाजवणार नाही. गोलू म्हणाला, "मंग रिकामी कशी राहीन, काका?" बरोबर आहे. पुढे विचारलं, प्रेक्षकांत बसलो तर? विक्की म्हणाला, तिथून तुम्ही वर यान.

मग चौघे उठून उभे राहिले. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. धम्मानंदने हात जोडले. म्हणाला, "सर, एवढा मान राखा. रायपूरला ॲक्स घेऊन येऊ नका."

शब्द बरोबर होता. उच्चारही चांगला होता. घरी येऊन, तोंडाने, तिसऱ्यांदा. भाऊकाकांनाही याहून जास्त काही मिळालं नव्हतं.

मी म्हटलं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव राहील, पुढे ॲक्स, आणि त्यापुढे अनुपस्थित. क्लबची खुर्ची प्लास्टिकची होती, ती काल शोभली नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. तेव्हा खुर्ची माझ्या घरची जाईल, हाताची मोठी, सागवानी. विक्की जानेवारीत टेम्पो पाठवणार आहे. तिच्यावर गादी ठेवून बांधा, म्हणजे रस्त्यात खरचटणार नाही, असं त्याला आत्ताच सांगून ठेवलं.